वाचक विचारतात: कैद्यांच्या वस्तीतून बरोबरी आली कशी?

परदेशात राहणाऱ्या मुलांवरचा लेख दोन महिन्यांपूर्वी आला तेव्हापासून ऑस्ट्रेलियाबद्दल इतके प्रश्न आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सहा प्रश्न घेतलेत. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर लांबलंय, पण ती एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हात आखडता घेतला नाही.

प्रश्न (एक काकू, नाशिक): ताई, माझा मुलगा चार वर्षं सिडनीत आहे. तो सांगतो ऑफिसात साहेबाला नावाने हाक मारतात, एकटा माणूस टॅक्सीत बसला तर ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर बसतो, मागे बसलं तर चारचौघांत बरं दिसत नाही. आणि नळ दुरुस्त करणाऱ्याचं बिल ऐकून तर मी खुर्चीवरच बसले. आम्ही शाळेत शिकलो की इंग्लंडने कैदी पाठवून तो देश वसवला. मग चोरांच्या वस्तीत अशी बरोबरी आली कुठून?

उत्तर: काकू, मला वाटतं ती त्या वस्तीतूनच आली. कैदी फार चांगले होते म्हणून आली असं मी म्हणणार नाही, माणसं मोजकी आणि कामं डोंगराएवढी होती म्हणून आली.

इंग्लंड आधी आपले कैदी अमेरिकेत पाठवायचं. 1776 ला अमेरिकेने फारकत घेतली आणि तो रस्ता बंद झाला, तुरुंग भरले, मग थेम्स नदीत जुनी जहाजं उभी करून त्यात माणसं कोंबायला लागले. शेवटी 13 मे 1787 ला पोर्ट्समथहून 11 जहाजं निघाली आणि 26 जानेवारी 1788 ला सिडनीच्या खाडीत येऊन थांबली. साधारण साडेसातशे कैदी, पहाऱ्याचे सैनिक, थोडे अधिकारी आणि गव्हर्नर आर्थर फिलिप. आता हे नीट डोळ्यांसमोर आणा, कैद्यांची वसाहत आहे आणि तिथे तुरुंगच नाही! बांधायचा तर बांधणार कोण, तर तेच कैदी. हाइड पार्क बॅरक्स नावाची मोठी बराक झाली 1819 ला, म्हणजे 31 वर्षांनी. तोपर्यंत बरेचसे कैदी खाडीकाठच्या खडकाळ भागात, ज्याला आजही द रॉक्स म्हणतात, झोपड्या बांधून नाहीतर कोणाकडे भाड्याने राहायचे. भाड्याला पैसे लागतात, म्हणून सरकारी काम दुपारी आटपलं की पुढचा वेळ त्यांचा स्वतःचा, त्यात कोणाकडेही मजुरी करायची. सुतार असेल, लोहार असेल तर तो आपला भाव सांगायचा आणि समोरच्या अधिकाऱ्याला मुकाट्याने द्यावा लागायचा कारण दुसरा सुतार यायला सहा-आठ महिन्यांचा समुद्र पार करून यावा लागणार. नळवाल्याच्या बिलाची गोष्ट इथून सुरू होते बघा.

दुसरी गोष्ट रेशनची. फिलिपने ठरवलं की कैद्याला आणि सैनिकाला पीठ-मांसाचं रेशन सारखंच मिळेल (बायकांना मात्र त्याच्या दोन-तृतीयांश, हेही सांगायला हवं). सैनिकांचे अधिकारी यावर भडकले होते. 1790 ला तर अशी उपासमार आली की गव्हर्नरच्या घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांनी आपापला पाव सोबत आणायचा असा रिवाज पडला. भुकेत वरचा-खालचा राहत नाही.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जवळची वाटते. हेन्री केबल आणि सुझॅना होम्स हे दोघं नॉर्विचच्या तुरुंगात होते, दोघांनाही चोरीसाठी फाशीची शिक्षा होऊन ती नंतर कमी झालेली, तुरुंगातच त्यांना मुलगा झाला. सुझॅनाला जहाजावर पाठवायची वेळ आली तेव्हा तिथल्या कॅप्टनने बाळाला घ्यायला नकार दिला. तिच्याबरोबर गेलेला जॉन सिम्पसन नावाचा तुरुंगाचा शिपाई ते बाळ मांडीवर घेऊन घोडागाडीतून लंडनला गेला, थेट मंत्र्याच्या घरी, लॉर्ड सिडनीकडे, आणि बाळ, आई, बाप तिघांना एकत्र पाठवायचा हुकूम घेऊन आला. पेपरात बातमी आली, लोकांनी वर्गणी काढून कपडे, पुस्तकं असं गाठोडं त्यांना दिलं. सिडनीला पोचले तर गाठोड्यातलं बरंचसं सामान गायब, पुस्तकंच तेवढी हाताशी आली. आता इंग्लंडच्या कायद्यात फाशीची शिक्षा झालेला माणूस कोर्टात दावा लावूच शकत नव्हता, कायद्याच्या लेखी तो मेलेलाच. पण जुलै 1788 ला या जोडप्याने सामान आणणाऱ्या जहाजाच्या कॅप्टनवर, डंकन सिंक्लेअरवर दावा लावला, तो दावा घेतला गेला आणि ते जिंकले, 15 पौंड भरपाई मिळाली. त्या वसाहतीतला हा पहिला दिवाणी खटला. दोन कैदी, ज्यांना स्वतःची सही येत असेल की नाही याचीही खात्री नाही, ते फिर्यादी आणि जहाजाचा कॅप्टन आरोपीच्या जागी. हेन्री पुढे मुख्य कॉन्स्टेबल झाला, जहाजांचा मालक झाला.

शिक्षा संपलेल्या पुरुषाला 30 एकर जमीन, लग्न झालं असेल तर आणखी 20, प्रत्येक मुलामागे 10, असे हुकूम लंडनहूनच होते. विचार करा, ज्या माणसाला आपल्या गावी वाफ्याएवढी जागा कधी मिळाली नसती त्याला तिथे शेत. 1810 ला लॅकलन मॅक्वारी गव्हर्नर म्हणून आला, त्याने तर सुटलेल्या कैद्यांना आपल्या टेबलावर जेवायला बसवलं, अँड्र्यू थॉम्पसन नावाच्या माजी कैद्याला मॅजिस्ट्रेट केलं. स्वतःच्या इच्छेने आलेले पैसेवाले इंग्रज त्यावर इतके चिडले की लंडनहून चौकशी बसली आणि मॅक्वारीला जावं लागलं. सगळं गोड होतं असं समजू नका काकू, फटके होते, नॉरफोक बेटासारखी, पोर्ट आर्थरसारखी नरकाची ठिकाणंही होती. पण एकदा सुटलेला माणूस मान वर करून चालू शकतो हे तिथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते परत पुसता आलं नाही. तुमच्या मुलाला सिडनीत रेडफर्न स्टेशन माहीत असेल, ते नाव ज्या डॉक्टर विल्यम रेडफर्नवरून आलंय तोही कैदीच, नौदलाच्या बंडात सापडलेला.

पुढे 1856 ला मेलबर्नच्या पाथरवटांनी युनिव्हर्सिटीचं बांधकाम सोडून मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस मिळवला. 1907 ला हिगिन्स नावाच्या न्यायाधीशाने ठरवलं की साध्या मजुराची मजुरी म्हणजे तो, त्याची बायको आणि तीन मुलं नीट जगतील एवढी हवी, दिवसाला सात शिलिंग. हे सगळं कैद्यांनी केलं असं नाही, तोवर सोन्याच्या मागे आलेले लाखो लोक होते. पण मजुराला भाव असतो ही गोष्ट त्या मातीत आधीपासून मुरलेली होती.

प्रश्न (एक वाचक, दादर): हे लोक नक्की कसल्या गुन्ह्यांसाठी पाठवले होते? आणि आपले पूर्वज कैदी होते याची आजच्या लोकांना लाज वाटते का?

उत्तर: बहुतेक चोऱ्या. कापड, मेंढरू, घड्याळ, घोडा. मेरी रीबी घोडा चोरला म्हणून गेली तेव्हा ती 13 वर्षांची होती, मुलाचे कपडे घालून फिरत होती, आणि पुढे एवढी मोठी व्यापारी झाली की आज ऑस्ट्रेलियाच्या 20 डॉलरच्या नोटेवर तिचा फोटो आहे. काही राजकीय कैदी होते, आयर्लंडचे बंडखोर, आणि 1834 ला टॉलपडल नावाच्या खेड्यातले सहा शेतमजूर, ज्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी संघटना काढली आणि शपथ घेतली. 1788 ते 1868 या 80 वर्षांत 1 लाख 60 हजारांच्या वर माणसं पाठवली गेली, त्यात बायका सहा-सातात एक.

लाज खूप वर्षं वाटली. टास्मानियाचं आधीचं नाव व्हॅन डिमेन्स लँड होतं, कैदी येणं 1853 ला थांबलं आणि 1856 ला तिथल्या लोकांनी नावच बदलून घेतलं, इतकं ते नाव कैद्यांशी चिकटलेलं. घरोघरी आजोबा-पणजोबांबद्दल बोलणं टाळायचे. आता उलटं झालंय, पहिल्या जहाजांवरचा पूर्वज सापडला तर लोक अभिमानाने सांगतात, जुने रजिस्टर शोधत बसतात. मला हे फार बरं वाटतं. आपल्याकडे ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, 1952 ला तो शिक्का कायद्याने निघाला, पण पारधी पोराला शाळेत अजून काय ऐकावं लागतं ते आपल्याला माहितीये. तिकडे शिक्का पुसला गेला कारण तो सोसणारेच गावात जास्त होते.

प्रश्न (बारावीतला विद्यार्थी, कोल्हापूर): 26 जानेवारीला आपला प्रजासत्ताक दिन असतो तसा त्यांचाही ऑस्ट्रेलिया डे असतो. पण माझ्या तिथल्या चुलत भावाने सांगितलं की काही लोक त्या दिवशी काळे कपडे घालून मोर्चा काढतात. असं का?

उत्तर: बाळा, वरचं काकूंचं उत्तर वाचलंस ना, त्यात मी 30 एकर जमीन वाटली असं लिहिलं. आता स्वतःला विचार, कोणाची जमीन?

तिथे 50 हजार वर्षांहून जास्त काळ लोक राहत होते. सिडनीच्या खाडीवर गॅडिगल लोकांची वस्ती होती, मासे धरायच्या त्यांच्या होड्या त्याच पाण्यात असायच्या जिथे ती 11 जहाजं येऊन उभी राहिली. त्यांच्याशी ना करार झाला ना खरेदी. इंग्रजांनी धरून चाललं की ही जमीन कोणाचीच नाही. सव्वा वर्षात, एप्रिल 1789 ला, देवीची साथ आली आणि किनाऱ्यावरच्या गुहांत, वाळूत प्रेतं पडली, फिलिपनेच कळवलंय की आसपासचे निम्मे लोक त्यात गेले.

एक शब्द सांगते. सैन्यातला विल्यम डॉज नावाचा तरुण लेफ्टनंट तारे बघायला खाडीच्या टोकावर झोपडी करून राहायचा, आज हार्बर ब्रिज जिथे टेकतो त्या जागी. तिथे पाटयेगारांग नावाची कोवळ्या वयाची मुलगी यायची आणि त्याला आपली भाषा शिकवायची, तो वहीत उतरवून घ्यायचा. त्या वहीत एक क्रियापद आहे, पुटुवा, म्हणजे आपला हात शेकोटीवर गरम करून मग दुसऱ्याची बोटं हलकेच दाबणं. एवढ्यासाठी एक शब्द! 1791 ला डॉजला परत पाठवलं. वह्या लंडनला राहिल्या आणि आज त्या लोकांची मुलं आपली भाषा परत शिकतायत ती बरीचशी त्याच वह्यांतून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

आता दुसरं टोक. जून 1838, मायल क्रीक नावाची जागा, गुराखी म्हणून काम करणाऱ्या टोळीने कमीतकमी 28 अ‍ॅबोरिजिनल म्हणजे तिथल्या मूळच्या माणसांना दोरीने बांधून नेलं आणि मारलं, त्यात बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. मारणाऱ्या 12 जणांपैकी 11 जण कैदी किंवा सुटलेले कैदी होते. ज्यांना खाली दाबलं होतं त्यांनीच हे केलं. त्यातल्या सात जणांना डिसेंबरमध्ये फाशी झाली आणि गोऱ्या समाजात केवढा आरडाओरडा झाला, की काळ्या माणसांना मारलं म्हणून गोऱ्यांना फाशी कशी! अशी शिक्षा होणं हाच अपवाद होता, बाकीच्या बहुतेक ठिकाणी कोणाला काहीच झालं नाही.

म्हणून मी म्हटलं की दोन टोकं. कैद्याला माणूस म्हणून उभं राहायला जमीन मिळाली, आणि ती जमीन रिकामी आहे असं म्हटल्यामुळेच मिळाली. एक चांगली बाजू आणि एक वाईट बाजू असं वेगवेगळं ठेवता येत नाही ते.

1938 ला, जहाजं आल्याला 150 वर्षं झाली तेव्हा, सरकारी सोहळा चालू असताना अ‍ॅबोरिजिनल पुढाऱ्यांनी सिडनीत शोकदिन पाळला, मोर्च्यांची परंपरा तिथून आहे. 1967 च्या जनमतात 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी त्यांना जनगणनेत धरायला हो म्हटलं. 3 जून 1992 ला एडी माबो यांच्या खटल्यात सर्वोच्च कोर्टाने मान्य केलं की जमीन कोणाचीच नव्हती हे खोटं होतं. एडी माबो त्याआधी साधारण साडेचार महिने वारले होते. 2008 ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली, सरकारने आईबापांपासून तोडून नेलेल्या त्या मूळ लोकांच्या मुलांची. आणि ऑक्टोबर 2023 ला, संसदेला सल्ला देणारी या मूळ लोकांची एक संस्था घटनेत असावी का या जनमताला साधारण 60 टक्के लोक नाही म्हणाले. त्यामुळे तुझ्या भावाला दर जानेवारीत मोर्चा दिसणारच. आपण त्या तारखेला स्वराज्याची आठवण काढतो, 1930 चा पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून ती निवडली, आणि त्यांना नेमकी त्याच तारखेला परके उतरल्याची आठवण येते. भावाला सांग, एकदा तरी त्या मोर्च्याच्या कडेला उभं राहून ऐक.

प्रश्न (एक वाचक, डोंबिवली): वडील सांगायचे त्यांच्या तरुणपणी ऑस्ट्रेलियाला जायचं कोणाच्या डोक्यातही यायचं नाही, सगळे इंग्लंड नाहीतर अमेरिका. एवढा मोकळा देश मग आपल्याला बंद का होता?

उत्तर: कारण ती बरोबरी कुंपणाच्या आतली होती. 1 जानेवारी 1901 ला सहा वसाहती मिळून एक देश झाला आणि त्याच वर्षी संसदेने येणाऱ्यांवर बंदीचा कायदा केला. त्यात गोरा-काळा असं लिहिलेलं नव्हतं, नको असलेल्या माणसाला 50 शब्दांचं श्रुतलेखन द्यायचं, अधिकाऱ्याच्या मनात येईल त्या युरोपीय भाषेत. इंग्रजी पक्कं असलेल्यालाही नापास करता यायचं. कामगार संघटना याच्या बाजूने होत्या, स्वस्त मजूर आला की आपली मजुरी पडेल ही भीती. भाव टिकवायचा तर माणसं कमी ठेवायची, तीच सुरुवातीची गोष्ट पण आता दाराला कडी लावून. श्रुतलेखन 1958 ला गेलं, उरलेलं धोरण 1973 ला व्हिटलम सरकारने मोडलं. 2021 च्या जनगणनेत भारतात जन्मलेले 6 लाख 70 हजारांच्या वर होते, इंग्लंडनंतर आपलाच नंबर. वडिलांच्या वेळी दार बंद होतं, त्यांची चूक नव्हती.

प्रश्न (एक वाचक, सोलापूर): तिकडे मत दिलं नाही तर दंड होतो हे खरं का?

उत्तर: खरं आहे, देशाच्या निवडणुकीत 20 डॉलर, 1924 पासून मतदान सक्तीचं आहे. 1922 ला मतदान 60 टक्क्यांच्या खाली गेलं म्हणून कायदा केला आणि लोकांनी फार कुरकुर न करता तो मानला. माझं मत असं की तिथे सरकार पहिल्या दिवसापासून आहे, धान्य सरकारचं, दवाखाना सरकारचा, कुऱ्हाड-फावडंसुद्धा सरकारी कोठारातलं, त्यामुळे सरकार म्हणजे आपल्याला लागणारी वस्तू असं त्यांना वाटतं. शनिवारी मतदान करतात, शाळेच्या आवारात बाहेर शेगडीवर सॉसेज भाजत असतात.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, मुंबई): या सगळ्यात आपल्या भागाचा काही संबंध येतो का?

उत्तर: येतो सर, आणि तो थेट मुंबईशी येतो. धान्य संपलं तेव्हा 1792 ला कलकत्त्याहून जहाज गेलं तांदूळ आणि डाळ घेऊन, हा झाला बंगालचा संबंध. पण ज्या मॅक्वारीचं नाव वर आलं तो सिडनीला जायच्या आधी कितीतरी वर्षं मुंबईत होता, 77 व्या रेजिमेंटमध्ये. 1793 ला त्याने जेन जार्विसशी मुंबईतच लग्न केलं. तीन वर्षांत ती क्षयाने गेली, मकावला, त्याने तिचा देह जहाजाने मुंबईला आणून इथे पुरला. पुढे 1799 ला तो श्रीरंगपट्टणच्या लढाईतही होता, टिपू पडला तेव्हा.

आणि 1795 ला त्याने कोचीनहून गुलाम म्हणून दोन लहान मुलगे विकत घेतले. एकाचं नाव ठेवलं जॉर्ज आणि बायकोच्या माहेरचं आडनाव दिलं, जॉर्ज जार्विस. तो मुलगा पुढे त्याच्याबरोबर सिडनीला गेला, गव्हर्नरच्या घरात नोकर म्हणून राहिला, 1824 ला मॅक्वारी वारला तोपर्यंत त्याच्याजवळ होता. ज्या घरात सुटलेले कैदी पहिल्यांदा टेबलावर बसून जेवले त्याच घरात तो होता. आईबापांनी त्याला कोणत्या नावाने हाक मारली असेल ते कुठेही लिहिलेलं मला सापडलं नाही.